गेलेला बाप घरात नांदता ठेवायचा तर : तिसगावच्या लेकरांना कानमंत्र

लेकरा, घरातला कर्ता म्हातारा गेला की दहा दिवस माणसांच्या राबत्यात निघून जातात आणि मग घर एकदम मोठं वाटायला लागतं. तुझ्या घरी त्यांना दादा म्हणत असतील, आण्णा म्हणत असतील, नातवंडं बाबा म्हणत असतील. आठवण आपोआप राहते असं वाटतं, पण तिलाही हात लावावा लागतो. म्हणून हे चार शब्द. तुझा म्हातारा अजून ओट्यावर बसलेला असेल, तर पहिल्या चार गोष्टी आजच कर.

१. जवळ बसून सोपं विचार: पहिली बैलजोडी कुठून आणली, गुरुजी कोण होते, नगर पहिल्यांदा कधी पाहिलं — 'तुमचं आयुष्य सांगा' म्हटलं की जुनी माणसं गप्प होतात, बैलाचं नाव विचारलं की रात्र पुरत नाही.

२. १९७२ च्या दुष्काळाचं वेगळं विचार: खडी कोणत्या कामावर फोडली, मिलोची भाकरी गळ्याखाली कशी उतरायची, सुकडी कोण वाटायचं — ते दिवस कळत्या वयात भोगलेली माणसं आता सत्तरीच्या घरात आहेत. ऊसतोडीला गेले असतील तर कोयता कुणाबरोबर होता, उचल किती घेतली, तेही विचारून ठेव.

३. बोलताना फोन हळूच चालू करून बाजूला ठेव आणि ते रेकॉर्डिंग बहिणीच्या फोनवरही पाठव — फोटोत चेहरा राहतो, हाक राहत नाही.

४. जुन्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीनं डावीकडून उजवीकडे नावं लिही, साल आणि गाव लिही — बॉलपेनची शाई पुढं उमटते, आणि ओळखणारी माणसं तर त्याआधीच संपतात. नाव विचारलं तर नातं उरलं.

५. ते गेले असतील तर आईला, आत्याला, चुलत्याला लिहायला किंवा सांगायला बसव — आपल्या नगरशी जोडलेले कवी रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये गेले, त्यांचं चरित्र व्हावं म्हणून मुलगा देवदत्त यांनी आईला आठवणी लिहायला लावल्या. त्यातूनच लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' उभं राहिलं.

६. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत कर, आणि दाखल्यावरचं नाव आधारशी, सातबाऱ्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघ — एका वेलांटीपायी पुढं वर्षभर खेटे पडतात. नोंद मृत्यू जिथं झाला तिथं होते. नगरच्या दवाखान्यात गेले असतील तर तिसगावच्या ग्रामपंचायतीत शोधत बसू नकोस.

७. दहाव्याच्या आत गावात एक फेरी मार आणि विचार, 'आमच्या म्हाताऱ्याकडून कुणाचं काही द्यायचं राहिलंय का?' — किराणावाला, लोहार, सालगडी आपणहून मागत नाहीत, पण लक्षात ठेवतात. देणं फिटलं की नाव धुतलं.

८. आईचं कुंकू आणि बांगड्या यांना कुणालाही हात लावू देऊ नकोस, भावकीतली कितीही मोठी बाई पुढं आली तरी — कोल्हापूरकडच्या हेरवाडनं २०२२ मध्ये विधवेचं कुंकू पुसायची, बांगड्या फोडायची प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारनं इतर गावांनाही तोच मार्ग दाखवला. जाणाऱ्याचा मान राहणारीच्या मानात असतो.

९. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत दे आणि बहिणींची नावं पहिल्याच कागदावर घाल — मुलीचा वाटा कायद्यानं आहे. हक्क सोडायचा की नाही हे तिनं तिच्या मनानं ठरवायचं, तू रक्षाबंधनाला सुचवायचं नाही.

१०. बँकेत तुझं नाव नॉमिनी म्हणून असेल तर पैसे घेऊन ये, पण भावंडांना त्याच संध्याकाळी आकडा सांग — नॉमिनी पैसे सांभाळणारा असतो, मालक सगळे वारस असतात. लपवलेला आकडा अन् भावकीत वाकडा.

११. दहाव्याला श्रद्धांजलीची भाषणं ठरवताना, त्यांच्याबरोबर बांधावर राबलेल्या माणसाला पुढाऱ्यांच्या आधी उभं कर — तो दोनच वाक्यं बोलेल, पण ती तुझ्या बापाची असतील.

१२. वर्षश्राद्धाच्या कीर्तनाआधी महाराजांच्या हातात एक पान लिहून दे: कुणाला अडल्यावेळी धान्य दिलं, कोणती विहीर कुणाबरोबर खणली — नाहीतर कीर्तन कुणाच्याही बापाचं होतं.

१३. कपडे आणि वस्तू लगेच वाटून टाकू नकोस. आई म्हणेल तेव्हा आणि तिच्या हातानंच दे — तिला रात्री तो सदरा घडी करायला लागत असेल.

१४. त्यांचं खुरपं, विळा, अडकित्ता कपाटात बंद करू नकोस; काम झालं की माती पुसून, पात्यावर गोड्या तेलाचं बोट फिरवून त्याच खुंटीला लाव, आणि हे नातवाकडून करून घे — मूठ जिथं त्यांच्या अंगठ्यानं गुळगुळीत झालीय, तिथंच त्याचाही अंगठा बसू दे.

१५. मुलांना त्यांचा रागही सांग: कशावरून चिडायचे, कुणाशी किती दिवस अबोला धरला, मग कोण आधी बोललं — नुसत्या देवमाणसाशी नातवंडांचं नातं जुळत नाही. राग सांगितला तर माया पटते.

१६. आखितीला करा भरताना त्यांचं, त्यांच्या वडिलांचं, आजोबांचं आणि त्या दोघांच्या बायकांचंही नाव मुलांकडून मोठ्यानं म्हणवून घे — बायांची नावं सगळ्यात आधी पुसली जातात.

१७. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला जाणं झालं तर आडनाव आणि मूळ गाव सांगून तीर्थोपाध्यायांच्या जुन्या वहीत घराण्याची पानं शोध, आणि नवी नावं लिहून ये — सातबाऱ्यावर नसलेला पणजोबा तिथं सापडू शकतो.

१८. त्यांच्याबरोबर मढीला, वृद्धेश्वराला जात होतास ना, तसंच आता मुलांना ने. रंगपंचमीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार दाखव, रेवड्या घे, आणि ते कुठं टेकायचे ती जागा दाखव — जागा कळली की गोष्ट ध्यानात राहते.

१९. त्यांचा जो जोडीदार अजून आहे, त्याच्याकडे महिन्यातून एकदा चहाला जा — तुझ्या बापाला पोरगा म्हणून ओळखणारा तो आता एकटाच उरला असेल, आणि त्यालाही बोलायला कुणी हवं असतं.

एवढं सगळं एकदम होणार नाही आणि तशी घाईही नको. पण आज रात्री जेवणं झाली की एक शंभर पानी वही काढ, पहिल्या पानावर त्यांचं पूर्ण नाव लिही, खाली आईचं लिही, आणि तिला विचार, 'लग्नाच्या दिवशी तुम्ही दोघं पहिल्यांदा काय बोललात?' ती लाजेल, उडवून लावेल. तू मात्र उठू नकोस, पेन हातात धरून बस.