मतभेद आणि धैर्य

विद्यार्थिमित्रहो, शत्रूशी झुंजण्यास धैर्य लागते. परंतु स्नेह्यास 'आपले मत आम्हांस मान्य नाही' असे सांगण्यास त्याहून अधिक लागते. टिळक व आगरकर यांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र कंठिले. पुढे सामाजिक सुधारणेविषयी त्यांची मते जुळेनात. तेव्हा आगरकरांनी १८८७ साली 'केसरी'चे संपादकत्व सोडिले व १८८८ साली 'सुधारक' काढिला. उभयतांच्या लेखण्या पुष्कळदा कठोर झाल्या, हा दोष आम्ही झाकीत नाही. तथापि १८९५ साली आगरकर निवर्तले, तेव्हा टिळकांनी 'केसरी'त मृत्युलेख लिहून त्यांचे गुण गौरविले. उद्या धाराशिव जिल्ह्यातील गावोगावच्या सभांत तुम्हीच बसणार आहा. तेथे मत लपवू नका आणि मित्राचे गुणही विसरू नका.