मुलांसाठी घर निवडताना

लहान मुले असलेल्या कुटुंबाने घर निवडताना खोल्यांची संख्या सर्वांत शेवटी पाहावी. शाळेची वाट, पिण्याचे पाणी आणि खेळायची जागा यांचा विचार त्याच्या आधी यायला हवा. पुण्यासारख्या झपाट्याने पसरणाऱ्या शहरात नेमके उलटे होते. आधी बजेट ठरते, त्या बजेटात टू-बीएचके कुठे बसतो ते शोधले जाते, आणि शाळेची चौकशी चाव्या हातात आल्यावर सुरू होते.

शाळेचे अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही. रविवारी दुपारी गाडीने सहज पार होणारा रस्ता सोमवारी सकाळी वेगळाच असतो. स्कूलबसच्या फेरीत आपला थांबा कितवा, यावरही बरेच अवलंबून असते. प्रस्तुत लेखकाच्या घरी पहिलीतल्या मुलाचा थांबा सर्वांत पहिला होता, त्यामुळे गावभरची फेरी रोज त्याच्याच वाट्याला येई. उपाशीपोटी निघावे तर ग्लानी, दूध पिऊन निघावे तर वाटेत उलटी. दुपारी उतरताना मूल पेंगत असे आणि डबा जवळजवळ तसाच परत येई. म्हणून जागा पाहायला एकदा तरी शाळेच्या दिवशी, शाळेच्याच वेळी जावे आणि बसवाल्या काकांना फेरीचा क्रम विचारावा. शिक्षणहक्क कायद्याखाली खासगी विनाअनुदानित शाळेतील २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करायचा असेल, तर घर आणि शाळा यांतले अंतर प्रवेशाच्या वेळीच मोजले जाते. एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांचा विचार आधी होतो.

पाण्याबाबत ‘चोवीस तास आहे’ हे उत्तर पुरेसे मानू नये. महापालिकेची लाइन आहे, बोअर आहे की टँकर, आणि टँकर कुठल्या विहिरीवर भरतो, हे खोदून विचारावे. पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. हद्द सरकली, पण जलवाहिन्या त्या वेगाने पोचल्या नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. संशय दूषित पाण्यावर होता, आणि रुग्णांमध्ये लहान मुलेही होती. तयार सोसायटीत घर घ्यायचे असेल, तर वॉचमनला आणि तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाला दोन प्रश्न विचारावेत: मे महिन्यात किती टँकर लागतात आणि टाकी शेवटची कधी धुतली? विक्री कार्यालयात मिळणार नाही इतकी खरी माहिती तिथे मिळते. नदी किंवा ओढा जवळ असेल, तर पूररेषाही पाहावी. २५ जुलै २०२४ ला पुण्यातल्या एकतानगरीतल्या सोसायट्यांत पाणी शिरले, तेव्हा लोकांना घरांतून बाहेर काढावे लागले.

खेळायची जागा माहितीपत्रकातल्या चित्रावरून ठरवू नये. राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. प्रत्यक्षात तिथे शोभेची झाडे आणि ‘चेंडू खेळण्यास मनाई’ अशी पाटी आढळू शकते. संध्याकाळी साडेपाचला आवारात उभे राहावे. आपल्या मुलाच्या वयाची पाच-सहा मुले धावताना दिसली, तर ती जागा मुलांची आहे. क्लबहाउस आणि जलतरण तलावापेक्षा ही गोष्ट कितीतरी मोलाची आहे, कारण पोहायला घेऊन जाणारे मोठे माणूस रोज मोकळे नसते.

घरात शिरल्यावर पहिली नजर बाल्कनीच्या कठड्यावर जावी. आडव्या पट्ट्यांचा कठडा दिसायला देखणा, पण दोन वर्षांच्या मुलाला ती शिडीच होते. पट्ट्या उभ्या असाव्यात आणि त्यांतली फट दहा सेंटिमीटरपेक्षा कमी असावी. जमिनीपर्यंत उतरणाऱ्या खिडक्यांना जाळी बसवायला सोसायटी परवानगी देते का, हे करारापूर्वीच विचारावे. ग्रिल बसवलीच, तर आगीच्या वेळी आतून उघडेल अशी एक झडप तिच्यात हवी.

कागदपत्रांत महारेराचा नोंदणी क्रमांक, चटई क्षेत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नये; रेरा कायदाच तसे सांगतो. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत ताब्याच्या तारखेवर विसंबून शाळा बदलू नये. ताबा लांबला तरी शाळा जूनमध्येच सुरू होते, आणि मधले वर्ष मूल शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जात राहते.

जमत असेल, तर पसंत पडलेल्या भागात आधी अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहावे. जूनमध्ये राहायला गेल्यास पावसाळ्यातला ओढा, शाळेच्या सकाळी आणि एप्रिलचे टँकर, सगळे स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. कर्ज वीस वर्षांचे असते. त्याआधी हे एक वर्ष जरूर द्यावे.