लठ्ठपणाच्या ऑपरेशननंतर घरी काय करावे?

लठ्ठपणावरचे ऑपरेशन मुंबईत दोन-तीन तासांत होते. त्यातून बरे होण्याचे काम मात्र पुढे दीड-दोन वर्षे गावी, आपल्याच स्वयंपाकघरात चालते. माझा दवाखाना माहीमला. निरनिराळ्या जिल्ह्यांतून मोठ्या हॉस्पिटलात या ऑपरेशनसाठी आलेले पेशंट डिस्चार्जनंतर आठवडाभर इथल्या नातेवाइकांकडे राहतात आणि गावी परतण्यापूर्वी ‘आमच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घे’ म्हणून त्यांना माझ्याकडे आणले जाते. बरोबर जाडजूड फाइल असते. तीत सगळे व्यवस्थित लिहिलेले असते, पण इंग्रजीत. मग बरोबरची सासू किंवा बहीण हळूच विचारते, “डॉक्टर, आता हिला खायला काय द्यायचं?” आजचा लेख मुख्यतः त्या सासूबाईंसाठी आणि बहिणींसाठी आहे.

आधी ऑपरेशन म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. पोटावरची चरबी काढून टाकण्याचे हे ऑपरेशन नव्हे, हा गैरसमज फार पसरलेला आहे. हे जठराचे ऑपरेशन आहे, आणि आता बहुतेक ठिकाणी ते दुर्बिणीतून होते. ‘स्लीव्ह’ या प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग कापून कायमचा काढतात. उरते ती केळ्याएवढी अरुंद नळी. भूक चेतवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यतः या काढलेल्या भागात तयार होते, म्हणून पोट लहान होते तशी भूकही मंदावते. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे द्रव मावेल एवढी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न कमी जाते आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळला गेल्याने लोह, कॅल्शियम यांसारख्या गोष्टी कमी शोषल्या जातात. हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

ऑपरेशन कोणाला करायचे याचे माप ठरलेले आहे. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागले की बी.एम.आय. मिळतो. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईचे वजन १०० किलो असेल तर तिचा बी.एम.आय. ४० च्या जरा वर जातो. आपल्याकडे साधारणपणे ३७.५ च्या वर, किंवा मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे असे विकार जोडीला असतील तर ३२.५ च्या वर ऑपरेशनचा विचार करतात. २०२२ साली आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई लोकांसाठी ही मर्यादा आणखी खाली आणली आहे. लग्नाआधी बारीक दिसावे म्हणून चौकशी करणारे येतात. त्यांना मी चहा पाजून परत पाठवतो.

२०१७ सालची इमान अहमद हिची बातमी अनेकांना आठवत असेल. इजिप्तमधली ही तरुणी त्या वर्षी ११ फेब्रुवारीला मालवाहू विमानाने मुंबईत आली. वजन पाचशे किलोच्या आसपास सांगितले जात होते. गिरगावात चर्नी रोडच्या सैफी हॉस्पिटलमध्ये तिच्यासाठी खास खोली बांधली होती. मार्चमध्ये डॉ. मुफझल लकडावाला यांच्या पथकाने तिचे स्लीव्ह ऑपरेशन केले. वजन झपाट्याने उतरल्याच्या बातम्या रोज येत होत्या. परंतु अर्धांगवायूच्या झटक्याने तिचे एक अंग आधीच लुळे पडले होते, आणि ती उठून चालावी ही घरच्यांची आस होती. पुढे हॉस्पिटल आणि कुटुंब यांच्यात वाद झाला, मे महिन्यात तिला अबुधाबीला नेले आणि २५ सप्टेंबर २०१७ रोजी तिथे तिचे निधन झाले. हृदय आणि मूत्रपिंडाचे विकार हे कारण तिथल्या हॉस्पिटलने दिले. दोष कोणाचा, या वादात मला पडायचे नाही. एवढेच म्हणेन, की काट्यावरचा आकडा आणि माणसाची प्रकृती या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ऑपरेशनपूर्वी पेशंटने आणि घरच्यांनी डॉक्टरांसमोर बसून ‘यातून नक्की काय साधणार आणि काय साधणार नाही’ हे स्पष्ट विचारून घ्यावे.

आता खाण्याकडे वळू. पहिले दोन आठवडे केवळ पातळ पदार्थ. गाळलेले ताक, मुगाचे कढण, डाळीचे वरचे पाणी, साय काढलेले दूध, नाचणीची पातळ आंबील, मांसाहारी असाल तर चिकनचे किंवा माशाचे गाळलेले पाणी. तेही घोट घोट. एक वाटी संपायला अर्धा तास लागला तरी चालेल. पुढचे दोन आठवडे मऊ घोटलेले: वरण, मऊ खिचडी, कुस्करलेले पनीर, मऊ अंडे. त्यानंतर सावकाश नेहमीचे अन्न. भाकरी, मटण, कच्ची कोशिंबीर शेवटी. तुमच्या सर्जनने याहून वेगळा तक्ता दिला असेल तर तोच पाळा.

दोन सवयी मोडायला फार जड जातात. एक, जेवताना पाणी पिण्याची. जेवणाच्या आधी आणि नंतर अर्धा-अर्धा तास पाणी नको. मधल्या वेळात मात्र दिवसभरात दीड ते दोन लिटर, थोडे थोडे करून, पोटात गेलेच पाहिजे. दुसरी, भराभर जेवण्याची. घास पातळ होईतो चावायचा. पोट भरल्याची जाणीव झाली की उरलेला घास ताटातच ठेवायचा, मग अन्न टाकू नये असे आजीने कितीही शिकवलेले असो.

ताटात पहिला मान प्रथिनांना. दिवसाला किमान ६० ग्रॅम लागतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६-७ ग्रॅम असतात, तेव्हा शाकाहारी माणसाला सुरुवातीला एवढी गाठ घालणे कठीणच. त्यासाठी डॉक्टर प्रथिनांची पावडर देतात. ‘पावडर म्हणजे पहिलवानांची’ म्हणून ती फडताळात ठेवू नये. भात आधी खाल्ला की पोट तेवढ्यातच भरते आणि प्रथिने राहून जातात.

गोडाचे एक निराळेच. आमच्या माहीमचा हलवा प्रसिद्ध आहे. गावी जाताना पाहुणे त्याचे डबे नेतात, आणि कोणीतरी मावशी ‘एवढासा तुकडा, काय होतंय?’ म्हणून पेशंटच्या हातावर ठेवतेच. बायपास झालेल्या पेशंटने तो खाल्ला तर साखर एकदम आतड्यात उतरते आणि अर्ध्या तासात छातीत धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब, अंधारी असा प्रकार होऊ शकतो. हार्ट अ‍ॅटॅक आला असे वाटून घर हादरते. पडून राहिल्यावर हे बहुधा ओसरते. मावशीला आधीच सांगून ठेवणे बरे.

ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळपासूनच पेशंटला चालवतात, ते पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. घरीही रोज चालावे. पाण्याची कळशी, गॅसचे सिलिंडर, कडेवरचे मूल मात्र महिना-दीड महिना उचलू नये.

आता मुख्य मुद्दा. हे वाचून कात्रण काढून ठेवले तरी चालेल. पहिल्या महिन्यात ताप, पोटात वाढत जाणारी कळ, डाव्या खांद्यात दुखणे, स्वस्थ बसले असताना १२० च्या वर नाडी, धाप, एका पोटरीला सूज, यांपैकी काहीही दिसले तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा चावत बसू नये. जठराची शिवण पाझरत असू शकते. ऑपरेशन केलेल्या सर्जनला त्याच क्षणी फोन करावा आणि निघावे.

दुसरा धोका कमी ठाऊक आहे आणि तो गावातच घडतो. काही पेशंटना ऑपरेशननंतर वारंवार उलट्या होतात. शरीरातला बी-१ जीवनसत्त्वाचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. खाणे आधीच कमी, त्यात उलट्या, की तो संपतो. पेशंट गळून जातो, जवळच्या दवाखान्यात नेतात आणि अशक्तपणा म्हणून ग्लुकोजची बाटली लावली जाते. ग्लुकोज जाळायलाच बी-१ लागते. उरलेसुरले तेही खर्ची पडते आणि मेंदूला इजा होऊ शकते. एकाचे दोन दिसणे, चालताना तोल जाणे, असंबद्ध बोलणे, पायांना मुंग्या ही त्याची लक्षणे. वेळीच बी-१ चे इंजेक्शन दिले तर माणूस बरा होतो. उशीर झाला तर स्मृती आणि चाल कायमची अधू राहू शकते. म्हणून दोन-तीन दिवस उलट्या थांबत नसतील तर डॉक्टरांना फाइल दाखवा आणि ‘लठ्ठपणाचे ऑपरेशन झालेले आहे, ग्लुकोजच्या आधी थायमिन द्यायचे का?’ असे सरळ विचारा. विचारण्यात संकोच नको. आम्हा जनरल प्रॅक्टिशनरांना असा पेशंट वर्षात एखादाच भेटतो. आठवण करून दिली तर राग येण्याचे कारण नाही.

मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिनचे डोस पहिल्या काही दिवसांतच कमी करावे लागतात. जुनाच डोस चालू ठेवला तर साखर धोकादायक उतरते. रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तसेच. बायपासवाल्यांनी अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळी घेऊ नये, जोडाजवळ अल्सर होतो, पॅरासिटामॉल चालते. जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम आणि बी-१२ या आयुष्यभराच्या गोष्टी आहेत. लोह आणि कॅल्शियम एकदम घेऊ नये, मध्ये दोन तास जाऊ द्यावेत. शाकाहारी माणसांत बी-१२ आधीच कमी असते, आणि पाळी चालू असलेल्या बायकांत लोह; त्यांनी रक्त तपासणे टाळू नये. पहिल्या वर्षी दर तीन-सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी एकदा, वाटत कितीही बरे असले तरी. ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष गर्भ राहू देऊ नये. वजन उतरू लागले की गर्भधारणा सोपी होते, त्यामुळे ‘इतकी वर्षे राहिले नाही, आता काय राहणार’ या भरवशावर राहू नये.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळतात. बायका सर्वांत जास्त रडतात त्या याच वेळी. बहुतेकांचे केस वर्षभरात पुन्हा येतात. प्रथिने आणि लोह पुरेसे हवे. लोंबणारी कातडी मात्र व्यायामाने पूर्ण जात नाही. घड्यांत घाम साचून बुरशी होते, म्हणून त्या जागा कोरड्या ठेवाव्यात.

मनाचे काय, हे फाइलमध्ये सहसा लिहिलेले नसते. माझ्याकडे येणाऱ्या एका शिक्षिकेचे वजन वर्षात चाळीस किलो उतरले. गुडघे दुखायचे थांबले, साखर आटोक्यात आली. तरी एसटीत शिरताना ती अजून अंग चोरून आडवी होते, दोन माणसांची जागा लागेल या धास्तीने. शरीर बदलले, पण तिच्या मनातली आकृती जुनीच राहिली. असे अनेकांचे होते, आणि त्याला वेळ द्यावा लागतो. काहींच्या बाबतीत खाणे हीच सोबत होती. एकटेपण, सासुरवास, कामावरचा अपमान, सगळ्यांवर तोच उतारा होता. ऑपरेशन तो उतारा काढून घेते. दुःख तसेच राहते. मग चिडचिड, रडू, झोप न लागणे. काहीजण दारूकडे वळतात, आणि विशेषतः बायपासनंतर दारू फार लवकर आणि फार जास्त चढते. व्यसन लागण्याचा धोका या पेशंटमध्ये वाढतो हे संशोधनात दिसलेले आहे. नैराश्याचा आणि आत्महत्येच्या विचारांचाही. पहिले सहा महिने सगळे छान चालते, म्हणून घरचे निर्धास्त होतात. मनाचे त्रास अनेकदा त्यानंतर, वजन उतरण्याचा वेग मंदावला की डोके वर काढतात. पेशंट गप्प गप्प राहू लागला तर डॉक्टरांकडे न्या. सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येते.

शेजारीपाजारी जे बोलतात त्यावर औषध नाही. आधी ‘किती जाडी’ म्हणणारेच आता ‘किती वाळलीस, आजारी आहेस का?’ म्हणतात, आणि ‘आम्ही बाई चालून कमी केलं, ऑपरेशन करून नाही’ हा टोमणा वेगळा. २०१७ साली मुंबईच्या निवडणुकीच्या दिवशी एका लठ्ठ पोलीस निरीक्षकाचा फोटो टाकून त्याची देशभर चेष्टा झाली. तो मध्य प्रदेशचा होता, वजन १८० किलो, आणि आपल्याला हा आजार आहे असे त्याने सांगितले. पुढे त्याचेही ऑपरेशन याच गिरगावातल्या हॉस्पिटलात झाले. चेष्टेने एका किलोचाही फरक पडत नाही, हे ध्यानात घ्यावे.

दोन वर्षांनी वजन थोडे परत वाढते. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात बायपासवाल्यांचे वजन दहा वर्षांनी मूळ वजनापेक्षा सरासरी २५ टक्के कमी राहिले होते; सुरुवातीची घट याहून जास्त होती. तेव्हा पाच-सात किलो परतले म्हणून ऑपरेशन वाया गेले असे समजून सगळे सोडून देऊ नये.

एका वाचक भगिनीने उपवासांबद्दल विचारले आहे. पहिले वर्षभर निर्जळी उपवास करू नये, मग ती हरतालिका असो वा रोजा. संकष्टीला ताक, दूध, पनीर, शेंगदाण्याचे कूट घेता येईल. साबुदाण्याची खिचडी मात्र चार चमच्यांच्या वर नको. तिने पोट भरते, हाती लागत काही नाही. गोळ्या त्या दिवशीही घ्यायच्या आहेत.