‘मॅडम, अजून किती वेळ?’ : लांबलेल्या क्वेरीची प्रगती कशी ओळखावी



पळसदरीच्या आमच्या शाळेत एक पालक आले होते. मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी त्यांना पणजोबांची १९५० च्या आधीची शाळेतली नोंद हवी होती. जनरल रजिस्टर दाखल क्रमांकाने लावलेलं असतं. नावाने शोधायचं तर पानन् पान उलटावं लागतं. ते दारात बसून विचारायचे, “मॅडम, अजून किती वेळ?” मी म्हणायचे, “होईलच आत्ता.” तिसऱ्यांदा ते उठलेच. त्यांचा रोज बुडत होता.

मग मी नीट सांगितलं, “पाच रजिस्टरं आहेत. दोन पाहून झाली, तिसरं निम्मं झालंय.” ते म्हणाले, “मग मी चार वाजता येतो.” काम तेवढंच राहिलं, पण आपण काय करायचं हे त्यांना ठरवता आलं. प्रगती सांगायची ती यासाठीच.

संगणकात काय होतं?

डेटाबेस म्हणजे मोठं रजिस्टर आणि क्वेरी म्हणजे त्याला विचारलेला प्रश्न. इंडेक्स, म्हणजे नावांची सूची असेल तर उत्तर चटकन मिळतं. नसेल तर संगणकही सगळ्या नोंदी चाळतो. अशा वेळी तीन प्रश्न विचारावेत.

१. काम चालू आहे की अडकलंय? जी नोंद आपल्याला बदलायची आहे, तीच दुसरं कोणी बदलत असेल तर आपली क्वेरी थांबून राहते. रजिस्टरच दुसऱ्याच्या टेबलावर असेल तर मी कितीही वेळ बसले तरी पान उलटणार नाही. पोस्टग्रेसमध्ये क्वेरी कधी सुरू झाली आणि कशासाठी थांबली आहे, हे पाहता येतं. मायएसक्यूएलमध्येही चालू कामांची यादी मिळते.

२. किती झालं? ओरॅकलमध्ये सहा सेकंदांपेक्षा जास्त चालणाऱ्या बऱ्याच कामांची नोंद एका तक्त्यात होते. त्यात ‘आतापर्यंत किती’ आणि ‘एकूण किती’ असे रकाने असतात. पोस्टग्रेसने २०१९ च्या १२ व्या आवृत्तीपासून इंडेक्स बांधण्याची प्रगती दाखवायला सुरुवात केली. साध्या शोधाची टक्केवारी मात्र ते दाखवत नाही.

३. ‘एकूण’ हा आकडा खरा का? बहुतेक वेळा तो अंदाज असतो, आधी जमवलेल्या आकडेवारीवरून काढलेला. ती जुनी असेल तर जुलैच्या पटावर जानेवारीत खिचडी शिजवल्यासारखं होतं! शिवाय नव्वद टक्के काम झालं म्हणजे नव्वद टक्के वेळ गेला असं नाही. कर्जतहून लोणावळ्याकडे जाणारी गाडी आठवा. सपाटीवर ती भरभर येते, पण पुढे घाट लागतो आणि बँकर इंजिन जोडून चढावं लागतं. उरलेल्या किलोमीटरवरून मिनिटं काढली तर चुकतात.

आपण काय करावं?

पोर्टलवर गोल फिरत राहिला की आपण पुन्हा पुन्हा बटण दाबतो. तसं करू नका. पहिली क्वेरी आत चालूच असू शकते. दुसरी तिच्या जोडीला सुरू होते आणि दोघी रखडतात. सुरू केल्याची वेळ वहीत लिहा, थोडं थांबा.

वर्गात करून पाहा

शंभर चिठ्ठ्यांवर नावं लिहा. एका गटाला त्या विस्कटलेल्या द्या, दुसऱ्याला तशाच शंभर अक्षरानुक्रमे लावून द्या. एकच नाव शोधायला सांगा. पहिल्या गटातला एक मूल दर मिनिटाला फळ्यावर ‘पाहिल्या : एकूण’ लिहील. बाकीच्यांनी सगळ्या चिठ्ठ्या केव्हा पाहून होतील याचा अंदाज लिहायचा आणि शेवटी पडताळायचा. शेकडेवारीचा सराव आपोआप होतो.

त्या दिवशी नोंद चौथ्या रजिस्टरात सापडली. तेव्हापासून दारात कोणी थांबलं असेल तर मी “होईलच” म्हणत नाही. किती झालं आणि किती राहिलं, एवढं सांगते. तुम्हीही सांगून पाहा.