मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर : पारख आणि निवड

मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नई येथे १९५५ साली एन्फिल्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि बुलेट मोटारसायकल भारतात तयार होऊ लागली. याच शहरातील मैलापूरहून सामान बांधून, पूर्व किनारा मार्गाने पुदुच्चेरीला जाणाऱ्या स्वाराने बुलेटचे मागचे दोन शॉक अ‍ॅब्सॉर्बर आधी तपासावेत.

शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधील स्प्रिंग भार पेलते, तर नळीतील तेल तिची उसळी शमवते. तेल गळून गेले, की खड्डा ओलांडल्यावरही गाडी डोलत राहते. चाकाची रस्त्यावरील पकड सुटते आणि ब्रेक अपुरा पडतो.

नवी जोडी घेताना दोन्ही टोकांच्या छिद्रांमधील अंतर मूळ मापाशी जुळवावे. त्यानंतर भाराचा विचार करावा. सहप्रवासी व सामान असेल, तर अधिक कडक स्प्रिंग लागते. मात्र ‘जितकी कडक तितकी चांगली’ हा समज चुकीचा आहे. फार कडक स्प्रिंग खड्ड्यात दबत नाही, त्यामुळे चाकच उसळते. स्वार व सामान चढल्यावर गाडीचा मागचा भाग थोडा खाली बसणे, ही योग्य स्प्रिंगची खूण होय. खाचांची कडी फिरवल्याने तो भाग वर उचलला जातो. स्प्रिंग कडक होत नाही. दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकाच वेळी बदलावेत.

पाठगत प्रश्न
१. तेल गळाल्यास ब्रेक अपुरा का पडतो?
२. योग्य स्प्रिंग कशी ओळखावी?