प्रोजेक्ट केला, पण सांगता येतो का?

दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला की पालकांचे फोन सुरू होतात. 'मार्कांचं काही नाही हो, पण चार माणसांत तोंड उघडत नाही. स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का?' माझं उत्तर अनेकांना आवडत नाही: पैसे जरा थांबवा, आधी त्याला त्याचा प्रोजेक्ट समजावून सांगायला लावा.

कॅम्पस इंटरव्ह्यूत काय होतं पाहा. प्रोजेक्ट ठिबक सिंचनाचा. पोरगा पाठ केलेलं घडाघडा म्हणतो: आमची आयओटी बेस्ड स्मार्ट इरिगेशन सिस्टीम आहे, त्यात मायक्रोकंट्रोलर, सॉइल मॉइश्चर सेन्सर आणि क्लाउड आहे. उच्चार स्वच्छ, व्याकरण ठीक. समोरचा विचारतो, 'सेन्सर किती खोल पुरला होतात? तेवढाच का?' आणि गाडी तिथेच अडते. त्याच ग्रुपमधली मुलगी सांगते, 'आधी सेन्सर वरच्या थरात ठेवला होता. दुपारी वरची माती सुकायची, खाली डाळिंबाच्या मुळांशी ओल असायची आणि पंप उगाच चालू व्हायचा. म्हणून तो खाली नेला. पण सेन्सर स्वस्तातला, काही दिवसांत गंजला. शेवटच्या आठवड्याचे आकडे मी भरवशाचे धरत नाही.' हे सांगताना ती इंग्रजीत दोनदा अडखळली तरी चालतं. अडचण काय होती, निर्णय का बदलला आणि कुठे खात्री नाही, हे तिने सांगितलं. मुलाखत घेणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

इंग्रजी पक्कं असूनही सांगणं कसं फसतं, याचं उदाहरण कोलंबिया यानाचं. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणानंतर साधारण ८२ सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अंतराळात असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी नासाच्या अधिकाऱ्यांसमोर स्लाइड मांडल्या. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक दिलासा देणारं होतं. तळाशी, बारीक अक्षरात, खरी गोष्ट होती: ज्या चाचण्यांच्या आधारे अंदाज बांधला त्यांत फोमचा तुकडा ३ घनइंचांचा होता, आणि प्रत्यक्ष आदळलेला अंदाजे १९२० घनइंचांचा. म्हणजे सहाशेपटीहून मोठा! हे वाक्य शीर्षकात असायला हवं होतं. १ फेब्रुवारीला परतताना यानाचे तुकडे झाले आणि कल्पना चावलासह सातही अंतराळवीर गेले. सगळं खापर स्लाइडवर फोडता येणार नाही. पंखाची छायाचित्रं मिळवा, ही अभियंत्यांची मागणीही मान्य झाली नव्हती. तरी चौकशी मंडळाने आपल्या अहवालात त्या स्लाइडची स्वतंत्र दखल घेतली.

मग हे शिकायचं कुठे? प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये. हसू नका. आपल्याकडे निष्कर्षाच्या जागी पिढ्यान्‌पिढ्या 'दस वी हॅव स्टडीड...' असं सीनियरच्या फाइलमधून उतरवलं जातं. त्याऐवजी तीन ओळी लिहायच्या: रीडिंग काय आलं, अपेक्षेपेक्षा वेगळं का आलं, पुन्हा केला तर प्रयोगात काय बदलेन. सर मार्क देतील न देतील, व्हायव्हाची अर्धी तयारी मात्र तिथेच होते.

दुसरी जागा नारायणगावजवळ खोडदला. जीएमआरटी दुर्बिणीच्या परिसरात २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त प्रदर्शन भरतं. शाळा-कॉलेजांची मुलं मॉडेल घेऊन उभी असतात आणि बघायला आसपासच्या गावांतली माणसं येतात. 'याचा उपयोग काय रे बाबा?' हा प्रश्न दिवसभरात कितीदा येईल सांगता येत नाही. त्याला दर वेळी समोरच्याप्रमाणे वेगळं उत्तर देणं, हा सराव आरशासमोर बोलून मिळत नाही.

इंग्रजी लागतं, त्यात लपवाछपवी नको. डेटाशीट, रिसर्च पेपर, परदेशी क्लायंट, सगळं इंग्रजीतच. गेटच्या १०० पैकी १५ गुण जनरल ॲप्टिट्यूडला असतात आणि त्यातही इंग्रजी येतं. पण मराठी माध्यमातल्या मुलाने आधी मराठीत नीट सांगून पाहावं. तिथेच अडकलं तर घोटाळा विषय समजण्यात आहे, भाषेत नाही. मराठीत सुटलं की तेवढंच इंग्रजीत बसवायचं. हे काम कष्टाचं आहे, पण अवघड नाही.

मुळातच अबोल असलेल्यांना सभा गाजवायला लावू नये. सॉफ्टवेअरमधली चूक कोणत्या पायरीला, काय केल्यावर दिसते हे पाच ओळींत लिहिणारा मुलगा टीमला हवाहवासा असतो. टेक्निकल रायटिंग, पेटंटचे मसुदे, यंत्रांची मॅन्युअल्स ही कामं लिहिणाऱ्यांचीच. ग्रुप डिस्कशनमध्ये आवाज चढवणाऱ्यालाच नोकरी मिळते, हा समज कुणी पसरवला कोण जाणे.

तरीही क्लास लावायचाच असेल तर एक तास बसू द्या म्हणावं. साठ मुलांची बॅच, सगळ्यांना एकच 'माय सेल्फ' पाठ, असं दिसलं तर परत फिरावं. मुलाचा स्वतःचा रिपोर्ट किंवा स्लाइड घेऊन त्यावर लाल खुणा करणारा कुणी असेल, तर फी जास्त वाटली तरी विचार करावा. आणि कॉलेजमध्ये एवढं जरूर विचारावं: तिसऱ्या वर्षाचा सेमिनार खरंच होतो का, की नुसती फाइल जमा करून घेतात? होत असेल, तर प्रश्न कोण विचारतं?