चिलापीचे कालवण आणि चढणीचे मासे



निपाणी म्हटले की तंबाखू आठवते. पण तंबाखू मूळची इथली नाही. ती अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. आपल्या रश्श्यातली मिरची, उपवासाचा बटाटा, चटणीतला शेंगदाणा ही मंडळीही तिकडचीच. तेव्हा बाहेरून आलेले सगळे वाईट, असे कोणी समजू नये. तंबाखू शेतकऱ्याने लावली तरच येते, बांध ओलांडून रानात शिरत नाही. गाजर गवताचे तसे नाही. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते नजरेस आले आणि कोणी न पेरता देशभर पसरले. आपल्या शाळेच्या कुंपणालाही ते आहेच. बाहेरून येऊन असे माजणाऱ्या आणि इथल्यांची जागा बळकावणाऱ्या जीवांना शास्त्रात आक्रमक परकी प्रजाती म्हणतात.

आठवीच्या वर्गात हे शिकवत असताना मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग खाऊनच संपवू की त्यांना!" वर्ग हसला. गाजर गवत खाण्याजोगे नाही, नुसत्या स्पर्शानेही अनेकांच्या अंगाला खाज सुटते. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आणि कॅरिबियन समुद्रात लायनफिश नावाचा काटेरी मासा फार वाढला आहे. तो मूळचा हिंदी आणि प्रशांत महासागरातला. तिकडच्या लहान माशांचा तो फडशा पाडतो, म्हणून २०१० मध्ये तिथल्या सरकारी समुद्रविज्ञान संस्थेने 'लायनफिश खा' अशी मोहीमच काढली. त्याचे काटे विषारी असतात, मांस मात्र चवदार.

आपल्याकडे या माशाच्या जागी कोण आहे? वेदगंगा, दूधगंगा, घटप्रभा, मार्कंडेय, कुठल्याही काठावर विचारा, एकच नाव येईल : चिलापी. हिचे मूळ नाव तिलापिया. आफ्रिकेच्या आग्नेय भागातल्या नद्यांमधली ही मासळी १९५२ मध्ये भारतात आणली गेली. हेतू चांगला होता. गरिबाला स्वस्त मासळी मिळावी, तळ्यात लवकर वाढावी. पण अवघ्या सात वर्षांत, १९५९ मध्ये, देशाच्या मत्स्य संशोधन समितीने तिच्या प्रसारावर बंदी घातली. तोवर उशीर झाला होता.

चिलापीचे यश कशात आहे हे नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. रोहू-कटला लाखोंनी अंडी घालतात आणि सोडून देतात, त्यातली बहुतेक दुसऱ्यांच्या पोटात जातात. चिलापीची मादी थोडीच अंडी घालते, पण ती तोंडात धरते. अंडी फुटून पिल्ले पोहू लागेपर्यंत ती फारसे खातही नाही. पिल्ले बाहेर पडल्यावर धोका दिसला की पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. दोन-तीन महिन्यांची, बोटाएवढी चिलापीसुद्धा वीण घालू शकते, आणि उबदार पाण्यात वर्षातून अनेकदा. त्यात तिला संथ पाणी आवडते. आपल्या नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. बरगे घातले की उन्हाळाभर पाणी तळ्यासारखे थांबते. कारखान्याची मळी किंवा गावचे सांडपाणी मिसळले तर इतर मासे तडफडून वर येतात, ही मात्र बऱ्याचदा तग धरते.

आता आपल्या मूळच्या माशांकडे वळू. १८३९ मध्ये कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. शास्त्रीय नावे लॅटिनमध्ये असतात, पण या गृहस्थाने लोकांच्या तोंडची नावेच उचलली. म्हणून कोळस या माशाच्या शास्त्रीय नावात आजही 'कोलस' आहे आणि सांडखोलच्या नावात 'सांडखोल'. जगातला कोणताही शास्त्रज्ञ या माशांविषयी लिहितो तेव्हा त्याला मराठी शब्द लिहावा लागतो. आपण मात्र ती नावे विसरत चाललो आहोत. कृष्णेच्या खोऱ्यातला कोळस आज जागतिक यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. बंधारे, प्रदूषण, वाळूउपसा, बारीक जाळी, परके मासे, सगळ्यांचाच त्यात वाटा आहे. एकट्या चिलापीवर खापर फोडू नये.

मग चिलापी खाऊन नदी वाचेल का? माझे मत विचाराल तर नुसते खाऊन नाही. पन्नासहून अधिक वर्षे आपण ती खातच आहोत आणि ती काही कमी झालेली नाही. मोठी पकडली की लहानांना मोकळी जागा मिळते, इतकेच. उलट खाण्याचा एक धोका आहे. मागणी वाढली की कोणीतरी तोच मासा मुद्दाम पाळू लागतो. आफ्रिकन मांगूरचे हेच झाले. २००० साली बंदी आली, तरी तो चोरून पाळला जात राहिला आणि पुरात तळी फुटून नद्यांत शिरला. शेवटी २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तो नष्ट करण्याचे आदेश दिले. आणखी एक गंमत पाहा. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने नद्यांत माजलेल्या आशियाई कार्प माशांना २०२२ मध्ये 'कोपी' असे नवे नाव दिले, लोकांनी ते आवडीने खावेत म्हणून. त्यांतले चंदेरा आणि गवत्या आपण १९५९ मध्ये मुद्दाम आणले आणि आपल्या तलावांत त्यांचे बीज सोडत आलो.

तरीही चिलापी खाण्याचा एक खरा उपयोग आहे, आणि तो मला त्याच वर्गात सापडला. एका मुलाने सांगितले, "मृगाचा पाऊस पडला की आजोबा ओढ्यावर जातात. चढणीचे मासे मिळतात, सगळे गाभोळीने भरलेले." खानापूर, चंदगड, आजरा, बेळगावचा पश्चिम भाग, सगळीकडे ही चढण ठाऊक आहे. पहिल्या पावसात मासे उथळ पाण्यात, ओढ्यांत, भाताच्या खाचरांत अंडी घालायला वर येतात. आपण नेमके तेव्हाच त्यांना पकडतो. आपल्याकडे श्रावण पाळतात, पण चढण त्याच्या आधी असते. श्रावण दोन महिने अलीकडे असता तर माशांवर मोठे उपकार झाले असते!

चिलापी वीण घालायला मृगाची वाट पाहत नाही. म्हणून चढणीच्या दिवसांत मासे खायचेच असतील तर चिलापी आणावी, आणि गाभोळीचा मासा ओढ्यात सोडून द्यावा. भोई-कोळी बांधवांचा बाजारही बंद पडत नाही. मात्र बारीक जाळ्याने चिलापी धरू नये, त्यात कोळसाची पिल्लेही जातात, गळ बरा. धरलेली चिलापी दुसऱ्या तळ्यात हौसेने सोडू नये. गटाराजवळची तर खाऊच नये. आमच्या घरी तिला मीठ-हळद चोळून चिंचेच्या कोळात थोडा वेळ ठेवतात, चिखलट वास जातो, मग कांदा-लसणाच्या चटणीचे झणझणीत कालवण. साफ करताना पाठीवरचे काटे जपावेत.

ज्यांच्या घरी मासे शिजत नाहीत त्यांनाही काम आहे. काचेच्या टाकीतला मासा कंटाळा आला म्हणून नदीत सोडू नका. सकर मासा असाच देशातल्या अनेक नद्यांत पोहोचला. डासांसाठी सोडतात तो गप्पी मासाही दक्षिण अमेरिकेचा. तो हौदात ठीक आहे, ओढ्यात नको. शाळेच्या हौदाचे जादा पाणी पावसाळ्यात थेट ओढ्याला जाते, तिथे जाळी बसवावी अशी विश्वस्तांना विनंती.

यंदाचा प्रकल्प असा : मृगापासून श्रावण लागेपर्यंत दर आठवड्याला घरात किंवा बाजारात कोणते मासे आले, त्यांत गाभोळी होती का, हे वहीत लिहावे. आजी-आजोबांना किंवा शेजारच्या भोईदादांना जुन्या माशांची नावे विचारून त्यांच्याच उच्चारात उतरवून घ्यावीत. वह्या श्रावण संपायच्या आत विज्ञानाच्या खोलीत जमा कराव्यात. 'सांडखोल' हे नाव ज्या घरात ऐकायला मिळेल, त्यांनी मला आधी सांगावे.